शंखजिऱ्याचा ओटा: दगड निवडण्यापासून तेल लावण्यापर्यंत

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आत्याच्या स्वयंपाकघरात कोट्याचा ओटा होता. सिंकच्या अलीकडे ती रोज लिंबू चिरायची, चिंचेचा कोळ काढायची, उरलेल्या चिंचेने तांब्याची भांडी घासायची. तिथे पांढुरके चट्टे पडले होते. "किती घासते रे, पण डाग काही हलत नाही," असं ती प्रत्येक भेटीत सांगायची. तो डाग नव्हताच. कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड, मकराण्याचा संगमरवरही त्याच कुळातला. आंबट लागलं की त्यांचा वरचा थर झिजतो, मग कितीही घासलं तरी काय जाणार? तो ओटा काढायची वेळ आली तेव्हा मी तिला शंखजिऱ्याचा करून दिला.

शंखजिरं म्हणजे सोपस्टोन. बडोद्याच्या बाजारात गुजरातीत शंखजीरुं म्हणतात, राजस्थानचे कारागीर सेलखडी म्हणतात. फॅब्रिकेशनवाला लोखंडी पत्र्यावर खुणा करतो तो पांढरा दगडी खडू याचाच, आणि टाल्कम पावडरीतलं टाल्क हा याचा मुख्य घटक. हाताला साबणासारखा गुळगुळीत लागतो. टाल्कच्या जोडीला क्लोराइट, मॅग्नेसाइट अशी खनिजं असतात, त्यांच्यामुळे दगडाला थोडी ताकद येते. आम्ल आणि क्षार यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून जुन्या रसायनशाळांमधली टेबलं या दगडाची करत. उष्णता तर तो इतकी सहन करतो की फिनलंडमध्ये शेगड्या आणि धुराडी याचीच बांधतात. गॅसवरून उतरवलेला कुकर थेट ओट्यावर ठेवला तरी काही होत नाही.

उणी बाजू एकच, पण मोठी: हा दगड मऊ आहे. सुरीने चरा पडतो, खलबत्ता आपटला तर खळगा पडतो. ग्रॅनाइटसारखी आरशाची चमक हवी असेल तर हा दगड घेऊ नका, ती कधीच येणार नाही. मला मात्र हा मऊपणाच याचा मोठा गुण वाटतो. पडलेला चरा घरच्या घरी पॉलिश पेपरने काढता येतो, त्यासाठी मिस्त्रीला बोलवावं लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, चरा दुरुस्त होतो, पण चुकलेलं माप आणि कच्चा आधार यांना दुरुस्ती नाही. नवशिके नेमके उलट वागतात. पॉलिशवर दोन दिवस घालवतात आणि माप दहा मिनिटांत उरकतात.

कटर हातात धरता येतो, पण शंखजिऱ्याला अजून हात लावलेला नाही, असे तुम्ही असाल असं धरून पुढचं लिहितोय.

दगड बघताना

राजस्थानात उदयपूर, डुंगरपूर, राजसमंद या पट्ट्यात शंखजिऱ्याच्या खाणी आहेत आणि हा भाग बडोद्यापासून फार लांब नाही. पण तिथला बराचसा माल दळून पावडर होतो आणि कागद, रंग, सिरॅमिक, सौंदर्यप्रसाधनं यांत जातो. ओट्याजोगी मोठी लादी शोधावी लागते. मोठ्या लाद्या ब्राझीलहूनही येतात, त्या महाग पडतात. माझा सल्ला असा, की अखंड आठ फुटी लादीचा हट्ट धरू नका. या दगडात सांधा इतका बेमालूम बसतो की दोन तुकडे घेतले तरी फार काही बिघडत नाही.

फिकट, दुधाळ, नखाने ओरखडा उठणारा दगड मूर्तीसाठी छान, ओट्यासाठी नको. त्यात टाल्क फार असतं. गडद करडा किंवा हिरवट-काळा घ्या. नखाने काही होऊ नये, सुरीच्या टोकाने मात्र पांढरी रेघ उठावी, एवढा कठीणपणा हवा. केसरियाजीचा हिरवा मार्बल कधी कधी शंखजिरं म्हणून दाखवला जातो. तो दगड वाईट नाही, पण तो सर्पेंटाइन आहे. याच्यासारखा हाताने घासला जात नाही, आणि ओल्या मसाल्यावर बसवला तर त्याच्या लाद्या वाकू शकतात.

दुकानातून तळहाताएवढा तुकडा मागून आणा. त्याच्या एका टोकावर अर्धं लिंबू रात्रभर उपडं ठेवा, दुसऱ्या टोकावर हळदीचं तेल ओता. सकाळी धुतल्यावर दोन्हीकडे काही दिसता कामा नये. लिंबाखाली चट्टा उठला तर दगडात चुना आहे असं समजा आणि दुसरी लादी बघा. प्रत्यक्ष लादी घेताना तिच्यावर बादलीभर पाणी ओतून ती वाळताना पाहा. सगळीकडचं पाणी उडून गेल्यावरही एखादी बारीक रेघ ओली राहिली तर ती भेग आहे. पांढऱ्या शिरा वेगळ्या, त्या दगडाच्या अंगच्या असतात. बोटाच्या पेराने टकटक करून बघा, धड लादी खणखणीत बोलते, फुटकी बद्द वाजते.

जाडी 30 एमएम घ्या. 20 एमएमने पैसे वाचतात, पण मग खाली सलग आधार लागतोच आणि सिंकपुढची पट्टी फार नाजूक राहते. वजनाचा हिशोबही आधीच करा. 30 एमएमच्या लादीचं वजन चौरस फुटाला साधारण 8 किलो भरतं, म्हणजे सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद तुकडा 95 किलोंच्या आसपास जातो. जुन्या वाड्यांचे जिने अरुंद असतात, तेव्हा चार माणसं बोलवा. लादी नेहमी उभी धरून न्यायची. आडवी धरली तर ती स्वतःच्याच वजनाने मधोमध मोडते.

खालचा आधार

बडोद्यात पूर्वापार पद्धत अशी की कडप्प्याच्या उभ्या फळ्या भिंतीत खोचायच्या, त्यांवर आडवा कडप्पा टाकायचा आणि त्यावर वरचा दगड. माझ्या मते शंखजिऱ्यालाही हीच पद्धत सगळ्यात चांगली. नुसत्या प्लायवुडच्या कपाटांवर ओटा ठेवायचा असेल तर थोडं थांबा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या किती स्वयंपाकघरांमधली प्लायची कपाटं फुगून बसली, ते मी पाहिलं आहे. खालचं कपाट बदलता येतं, पण ओट्याचा भार त्याच्यावरच असेल तर वरचा दगडही उचलावा लागतो. आधार दगडाचा, विटांचा किंवा रंगवलेल्या लोखंडी चौकटीचा ठेवा, कपाटं त्यात नंतर सरकवा.

उंची ठरवताना घरात रोज कोण उभं राहणार आहे त्या माणसाला बोलवा. हात कोपरात वाकवून उभं करा आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली खूण करा. बाजारात 34 इंच सर्रास धरतात. आत्याला 31 लागले. पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागू नयेत, हा खरा निकष. या उंचीतून दगडाची जाडी वजा करायला विसरू नका.

आधाराची पातळी दोन-तीन फुटी पाणसळीने बघून भागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पातळी आणा. दोन टोकांत एक सूत (इंचाचा आठवा भाग) फरक चालवून घेऊ शकता, पण मध्ये खळगा नको. दगड अधांतरी राहिला की पहिल्या वर्षी काही होत नाही, नंतर कधीतरी कोणी बल्ब बदलायला ओट्यावर चढतं आणि तडा जातो. काही कारागीर सिंककडे उतार देतात. मी ओटा सपाटच ठेवतो आणि पाण्यासाठी पन्हाळ्या कोरतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

माप

टेपने घेतलेलं माप पुरत नाही, खाका करावा लागतो. आमच्या भागातल्या जुन्या घरांत एकही कोपरा गुण्यात नसतो. आत्याच्या स्वयंपाकघरात ओट्याची रुंदी एका टोकाला 24 इंच, तर दुसऱ्या टोकाला सव्वापंचवीस निघाली. कोपरा तपासायचा तर एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट मोजून खुणा करा. तिरकं अंतर बरोबर 5 फूट आलं तर काटकोन आहे. क्वचितच येतं.

हार्डबोर्डच्या किंवा पातळ प्लायच्या तीन-चार इंची पट्ट्या घ्या. भिंतीला टेकवून, पुढची कड हवी तशी धरून, कोपऱ्यांत एकमेकींवर चिकटवा. प्लास्टरचा फुगवटा असेल तिथे पट्टी तेवढी घासून बसवा. सिंक, शेगडी आणि नळ यांच्या जागा खाक्यावर प्रत्यक्ष वस्तू ठेवून आखा, कंपनीच्या कागदावरचं माप धरू नका. भिंतीकडून एक सूत मोकळं सोडा. वरची बाजू कुठली ते ठळक लिहा आणि बाण काढा. पहिल्या वर्षी मी एक खाका उलटा ठेवून लादी कापली होती. इंग्रजी एलच्या आकाराचा ओटा डावीऐवजी उजवीकडे वळला आणि ती लादी वाया गेली. तेव्हापासून खाक्याच्या दोन्ही बाजूंवर मी मोठ्या अक्षरांत "वर" आणि "खाली" लिहितो.

सांधा कुठे येणार तेही आत्ताच ठरवा. सिंकच्या किंवा शेगडीच्या खिडकीच्या मधोमध सांधा घ्यायचा नाही. तो घन भागात, खाली उभा कडप्पा आहे तिथे यायला हवा.

कापणं आणि धूळ

धुळीचं आधी सांगतो, कारण याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. बडोद्याजवळच्या खंबातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या किती कुटुंबांना सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या रोगाने, ग्रासलं, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. शंखजिऱ्यात सिलिकाचे कण ग्रॅनाइटपेक्षा कमी असतात, म्हणून काही कारागीर तो कोरडाच कापतात. ते चूक आहे. टाल्कची बारीक धूळही फुप्फुसांत साठते आणि काही खाणींच्या दगडात ट्रेमोलाइटसारखी तंतुमय खनिजं मिसळलेली असतात. पाणी सोडूनच कापा, एन-95 मास्क लावा, काम उघड्यावर करा. घरात, माणसं राहत असताना, कटर अजिबात चालवू नका. साचलेला चिखल ओला असतानाच पुसून घ्या, वाळल्यावर झाडू मारू नका. दुसरा धोका पायांचा. हा चिखल तेलासारखा निसरडा असतो, तेव्हा पायाखाली गोणपाट अंथरा. पाणी आणि वीज एकत्र येणार आहेत, म्हणून अर्थिंग तपासा आणि लाइनवर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय कटर लावू नका.

हा चिखल मोरीत ओतायचा नाही, पाइप तुंबतात. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा, तळाचा गाळ उन्हात वाळवून बरणीत भरून ठेवा. सांध्याला तोच लागणार आहे.

चार इंची मार्बल कटरला सलग कडेचं डायमंड ब्लेड लावा, दातेरी ब्लेडने कड उडते. लादी खाली लाकडी फळ्यांवर पूर्ण टेकलेली हवी, कापून सुटणाऱ्या भागालाही आधार हवा. रेघेवर ॲल्युमिनियमची पट्टी शिकंज्यांनी आवळा आणि कटर तिला लावून चालवा. पहिल्या फेरीत दोन सूत खोल जा, मग हळूहळू वाढवा. हा दगड लोण्यासारखा कापला जातो, त्यामुळे हात घाई करू लागतो आणि ब्लेड भरकटतं. शेवटचे दोन इंच सगळ्यात सावकाश.

सिंकच्या खिडकीचे कोपरे कधीही टोकदार ठेवू नका. चारही कोपऱ्यांत आधी कोअर बिटने इंचभर व्यासाची भोकं पाडा, मग भोकापासून भोकापर्यंत कापा. टोकदार कोपऱ्यातून तडा निघतो आणि तो नेमका पुढच्या पट्टीकडे धावतो. ही पट्टी निदान तीन इंच तरी ठेवा. तिच्या खालच्या अंगाला लांबीभर खाच पाडून 6 एमएमची स्टेनलेस स्टीलची सळई इपॉक्सीत (दोन घटक मिसळून होणाऱ्या गोंदात) बुडवून बसवा. साधी लोखंडी सळई वापरू नका. ती गंजते, गंजून फुगते आणि वाचवायला घातलेली सळईच दगड फोडते. सळई नीट वाळेपर्यंत, म्हणजे पूर्ण एक दिवस, तो तुकडा हलवू नका.

आता पन्हाळ्या. ग्रॅनाइटमध्ये या कोरायला मशीनच लागतं, शंखजिऱ्यात तुम्ही हाताने करू शकता, आणि ओट्यातला हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. सिंकच्या शेजारी, भांडी उपडी घालायच्या जागी, पाच-सहा समांतर रेघा आखा. लांबच्या टोकाला एक सूत खोल आणि सिंककडे तीन सूत, म्हणजे पाणी आपोआप उतरतं. कटरने पट्टीच्या आधाराने उथळ खाच पाडून घ्या, मग गोल कानशीने तळ गोलवा. शेवटी पॉलिश पेपर एखाद्या पाइपच्या तुकड्याला गुंडाळून घासा. आत्याची मांडणी लहान, भांडी निथळायला जागाच नव्हती. या पाच रेघांनी तिला ती मिळाली. ओट्याच्या पुढच्या कडेच्या खालीही, अर्धा इंच आत, एक उथळ खाच पाडा. सांडलेलं पाणी त्या खाचेशी अडून खाली ठिबकतं, कपाटाच्या दारापर्यंत ओघळत नाही.

कडा टोकदार नकोत. वरची कड कानशीने गोल करा. पूर्ण अर्धगोल केली तर उत्तमच, निदान दोन सूत गोलाई तरी द्या. भांडं आपटल्यावर टवका उडतो तो टोकदार कडेचाच.

सांधा आणि बसवणी

तुकडे आधी कोरडेच मांडून बघा. भिंतीला कुठे टेकतात, सिंक खिडकीत उतरतं का, सांध्याच्या दोन्ही कडा सलग भिडतात का, ते पाहा. घासायचं असेल ते बाहेर नेऊन घासा आणि पुन्हा मांडा. दोन-तीन फेऱ्या होतातच.

शंखजिऱ्याला सिमेंट नीट धरत नाही, दगड पाणी पीतच नाही. कडप्पा स्वच्छ पुसून त्यावर आठ-दहा इंचांवर सिलिकॉनचे गोळे द्या आणि दगड त्यांवर उतरवा. त्याआधी दगडाची खालची बाजू आणि सांध्याच्या कडा ॲसिटोनच्या फडक्याने पुसा. टाल्कची पावडर राहिली तर कुठलाच गोंद धरणार नाही, पोळपाटावर पीठ भुरभुरलं की पोळी सुटते तसंच ते.

सांध्याला सावकाश वाळणारं इपॉक्सी घ्या. दोन्ही घटक नीट एकजीव झाल्यावर बरणीतली ती दगडाची पावडर मिसळा, घट्ट पिठल्यासारखं होईपर्यंत. तुमच्याच लादीची पावडर असल्याने रंग जुळतो. जराशा वाळलेल्या थेंबावर पाणी लावून रंग बघा, कारण तेल लावल्यावर दगड गडद होणार आहे. कडांना लावा, तुकडे एकमेकांकडे आवळा, सांध्याच्या वर थोडं उभं राहू द्या. बडोद्याच्या मे महिन्यात हे काम सकाळी सातलाच करा. दुपारच्या उन्हात इपॉक्सी वाटीतच घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी उभा राहिलेला भाग घासून सपाट करा. बोट फिरवून सांधा लागू नये.

घासण्याचं गणित सोपं आहे. 80 नंबरने कटरच्या खुणा जातात, 120 ने 80 च्या, 220 वर थांबायचं. याहून बारीक पेपर वापरून वेळ वाया जातो. प्रत्येक नंबरनंतर पृष्ठभाग ओला करून टॉर्च आडवा धरा, राहिलेले ओरखडे चमकतात. ते तसेच ठेवून पुढच्या नंबरवर गेलात तर तेल लावल्यावर वेटोळी दिसतील. शक्य तेवढं घासणं बाहेर उरका, घरात फक्त सांध्यापुरतं आणि तेही पाणी लावून हाताने.

भिंतीकडच्या मोकळ्या सुतात सिलिकॉन भरा आणि डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइल्स ओट्याच्या वर आणून टेकवा, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी फटीत न जाता ओट्यावर येतं. सिंक खालून बसवणार असाल तर नुसत्या सिलिकॉनवर लटकवू नका. भरलेल्या सिंकचं वजन घ्यायला खाली पट्ट्या किंवा विटा द्या.

तेल

तेल लावणं सक्तीचं नाही. न लावलेला ओटा फिकट करडा राहतो आणि काही जणांना तोच आवडतो. पण मग शेगडीजवळ आणि जिथे हात जास्त लागतात तिथे तो आपसूक गडद होत जातो, बाकीचा फिकट राहतो. एकसारखा रंग हवा असेल तर औषधांच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणा. शेंगदाण्याचं, तिळाचं, खोबऱ्याचं, कुठलंही खायचं तेल लावू नका. ते काही आठवड्यांत खवट होतं, चिकट होतं आणि धूळ धरतं.

सुती फडक्याने पातळ हात द्या, अर्धा तास थांबा, कोरड्या फडक्याने पुसून घ्या. दगड डोळ्यांसमोर करड्याचा जवळजवळ काळा होतो आणि आतापर्यंत न दिसलेल्या शिरा उमटतात. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा लावा, पुढे रंग फिका वाटेल तेव्हा. मेणाचा हात हवा असल्यास लिक्विड पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण वितळवून लावा, जास्त टिकतं. सीलर विकायचा प्रयत्न होईल, तो घेऊ नका. जो दगड काही शोषतच नाही त्याला सीलर काय करणार?

घरातल्या माणसांना तीन गोष्टी सांगून या. नारळ ओट्यावर फोडायचा नाही, खलबत्त्याखाली दुमडलेलं पोतेरं घालायचं, आणि भाजी विळीवर किंवा पाटावर चिरायची. एवढं सांगूनही चरे पडतील. निघताना 120 आणि 220 चे दोन-दोन कागद आणि तेलाची छोटी बाटली त्यांच्या फडताळात ठेवा. चरा दिसला की कागद ओला करून आधी 120 ने, मग 220 ने घासायचं. नुसत्या चऱ्यावर न घासता आजूबाजूचा वीतभर भागही धरायचा, नाहीतर तिथे खळगा होतो. पुसून, वाळवून तेलाचा हात. आत्या पंचाहत्तरीची आहे. दिवाळीच्या फराळाआधी ती आता ओटा स्वतः घासते आणि गेल्या वेळी कडेचा उडालेला टवका तिने मला न कळवता गोल करून टाकला होता.